सत्त्याऐंशीवं पान

‘आई काहीच बोलली नाही,’ असं त्या पानावर लिहिलं होतं, आणि मला पक्कं ठाऊक होतं की आई बोलली होती. काय बोलली तेही ठाऊक होतं. मी चष्मा काढला, पुसला, परत घातला. चष्म्याचा काही दोष नव्हता. सकाळचे साडेदहा वाजले होते, शेजारच्या खोलीत कुणीतरी खिडकी उघडायला झटत होतं आणि ती नेहमीसारखी अडून बसली होती, आणि माझ्यासमोर साडेतीनशे पानांचं एक बाड पडलं होतं, ज्याला संध्याकाळपर्यंत नाव द्यायचं होतं. आमची मालकीण, म्हणजे जुन्या मालकांची लेक, स्वतः येऊन ते ठेवून गेली होती. तिला मी फ्रॉकमध्ये पाहिलंय, त्यामुळे ती मला काका म्हणते आणि मी तिला अगं-तुगं करतो. ‘काका, मी रडले हो वाचताना,’ ती म्हणाली होती. ‘लेखिकेला नावच सुचत नाहीये. चित्रकार अडकून बसलाय. ती पाच वाजता येतेय, तोवर काहीतरी काढा.’ जणू नाव माझ्या खिशात असतं, रुमालाखाली. मी ‘बरं’ म्हटलं, बाडाची नाडी सोडली आणि नेहमीप्रमाणे ते मधेच कुठेतरी उघडलं. सात वर्षांची मुलगी. बाप तीन आठवड्यांपूर्वी कामाला म्हणून गेला तो परत आलेला नाही. मेलेला नाही, दुसऱ्या गावात दुसरं घर केलंय, आणि हे सगळ्यांना माहीत आहे. टेबलापाशी त्याची खुर्ची आहे. मुलगी ती खुर्ची ओढत भिंतीकडे न्यायला लागते, कारण खोली अरुंद आहे. शिवणयंत्रावर वाकलेली आई मान वर करते. आई काहीच बोलली नाही.

मी इथे नाववाला म्हणून ओळखला जातो. मुद्रितं तपासणं, लेखकांना पत्रं लिहिणं, परत पाठवायच्या बाडांना नम्र चिठ्ठ्या जोडणं, ही सगळी कामं मीच करतो, पण माझी ख्याती नावाची. बायको म्हणते, ‘ह्यांना आयुष्यभर नावं ठेवायचा पगार मिळाला, घरी मात्र फुकट ठेवतात.’ लेखक लोकांना चारशे पानं लिहिता येतात आणि तीन शब्द सुचत नाहीत, हे मी बत्तीस वर्षं पाहत आलोय. एकानं अकरा शब्दांचं नाव आणलं होतं, पुस्तकाच्या कण्यावर ते लिहायचं तर पुस्तक आडवंच ठेवावं लागलं असतं. एक बाई प्रत्येक कादंबरीच्या नावात ‘सावली’ घालायच्या, पाचव्या सावलीला मी हात जोडले. माझी रीत सोपी आहे, आणि ती मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. मी पहिलं पान वाचतो, शेवटचं वाचतो आणि मधलं एक, जिथे उघडेल तिथलं. बस्स. त्या तीन पानांत कुणीतरी कुणाला तरी काहीतरी साधं बोललेलं असतं, तेच उचलतो. मी विचार करून काढलेलं नाव पुस्तकाला चिकटवल्यासारखं दिसतं; आतल्या माणसाच्या तोंडचं असलं की लोकांच्या तोंडी बसतं. सगळ्यांना वाटतं, हा माणूस अख्खं पुस्तक पिऊन त्याचा अर्क काढतो. मी तसं वाटू दिलं. सुरुवातीला वाचत होतो सगळं, खोटं कशाला बोलू, पण मग बाडं वाढत गेली, डोळे दुखायला लागले आणि तीन पानांवर ठेवलेली नावं सबंध वाचून ठेवलेल्या नावांपेक्षा जास्त चालतात, हे लक्षात आलं. त्यानंतर माणूस आळशी होणारच.

अकरा वर्षांपूर्वी कपाटावरून दोन बाडं पडली. दोन्ही एकाच टायपिस्टकडून आलेली, तोच कागद, तीच अक्षरं, वरच्या कोपऱ्यात तसेच आकडे. एक होतं तेव्हाच बऱ्यापैकी नावाजलेल्या एका कादंबरीकाराचं, गिरणीतल्या संपावर. दुसरं कुणा नव्या बाईचं, जे बाहेरच्या वाचकानं नापसंत केलं होतं आणि परत पाठवायचं होतं. मी गुडघे टेकून पानं गोळा केली, आकड्यांवरून लावली, दोन गठ्ठे बांधले. नव्या बाईचं बाड त्याच दिवशी चिठ्ठी जोडून रवाना केलं. मग संपवाल्या कादंबरीचं नाव काढायला बसलो. पहिलं पान: भोंगा. शेवटचं पान: बंद फाटक. मधलं उघडलं ते सत्त्याऐंशीवं. एक बाई शिवणयंत्रावरून मान वर करून मुलीला म्हणते, ‘खुर्ची तिथेच राहू दे.’ मला ते वाक्य असं काही लागलं की मी पुढे पाहिलंच नाही. म्हणजे पाहिलं, एक वाक्य आणखी होतं, पण ते कण्यावर मावलं नसतं. मालकांनी नाव ऐकून टेबलावर थाप मारली. लेखक मात्र गोंधळला. ‘अहो, पण ह्यात खुर्ची कुठाय?’ असं त्यानं मला विचारलं होतं, आणि मी, तीन पानं वाचलेला मी, त्याच्याकडे दयेनं बघून म्हणालो होतो, ‘तेच तर.’ तो विचारात पडला आणि मान हलवत गेला. वेष्टण छापून झालं. पंधरा दिवसांनी छापखान्यातल्या अक्षरजुळणी करणाऱ्यानं एक पान परत पाठवलं, वर पेन्सिलीनं लिहून: सत्त्याऐंशी दोनदा आलंय, हे कुठलं?

तेव्हा मी उठून मालकांच्या खोलीत जायला हवं होतं. पंधरा पावलं होती. मी ते पान खणात ठेवलं, खणाच्या तळाला घातलेल्या कागदाच्या खाली. कादंबरी निघाली, गाजली. बसथांब्यांवर जाहिरात लागली, काळ्यावर पांढरी अक्षरं, खाली काही नाही. समीक्षकांनी खुर्चीवर पानंच्या पानं लिहिली. खुर्ची म्हणजे सत्ता, खुर्ची म्हणजे मालकशाही, आणि ती पुस्तकात कुठेच नसणं म्हणजे तर कमालच. लेखक वर्षभरात त्यावर व्याख्यानं द्यायला लागला. एकदा मी शेवटच्या रांगेत बसून ऐकलं, तो सांगत होता की हे नाव त्याला कामगारांच्या वस्तीत फिरताना सुचलं, आणि त्याला ते खरंच तसं आठवत होतं, मी त्याचा चेहरा पाहत होतो. मला हसू आलं आणि मग लाज वाटली, ह्याच क्रमानं. लोकांना ती कादंबरी आठवत नाही आता, नाव आठवतं. भांडणात, लग्नात, कचेरीत कुणी खुर्ची हलवली की कुणीतरी ते वाक्य फेकतंच. आणि दर वेळी मला वाटतं, माझ्याकडे कुणीतरी बघतंय.

मग त्या बाईचं पत्र आलं. बाड परत आल्यावर वर्षभर कपाटात पडून होतं, आता उघडलं तर सत्त्याऐंशीवं पान नाही, आपल्याकडे राहिलं असल्यास कृपया पाठवावे. दोन ओळींचं, स्वच्छ अक्षरातलं पत्र. राग नाही, तक्रार नाही. पान माझ्या मांडीपासून वीतभर अंतरावर होतं. पाठवलं असतं तर ती एका हातात ते पान धरून बसथांब्यावर उभी राहिली असती. मी लिहिलं: ‘आपले हस्तलिखित जसे आले तसे परत पाठवले आहे.’ सही केली. तिकीट मीच चिकटवलं, एवढं मात्र मला आठवतं, कारण ते वाकडं लागलं होतं.

आणि आता हे साडेतीनशे पानांचं बाड. बाडावर लेखिकेचं नाव नसलं तरी बाई तीच होती, ह्यात शंका नव्हती. खोलीचं दार लावून मी खण उघडला. तळाचा कागद उचलायला नखं लागेनात, मी पट्टीनं त्याची कड उचकटली. पान पिवळं पडलं होतं. मी ते नव्या पानाशेजारी ठेवलं. खोली तीच, यंत्र तेच, मान वर करणं तेच. फक्त जुन्या पानावर आई म्हणते: ‘खुर्ची तिथेच राहू दे. उद्यापासून तिथे तू बसत जा.’ दुसरं वाक्य मी अकरा वर्षांत एकदाही आठवलं नव्हतं. मी ते कापलं होतं ना. मग मी उठलो, बाहेर सांगितलं की फोन देऊ नका, आणि किती वर्षांनी कोण जाणे, एक बाड पहिल्या पानापासून वाचायला घेतलं.

सलग वाचत गेलो. कादंबरी उत्तम होती, आमची मालकीण उगाच रडली नव्हती. पण ती एका वाट बघणाऱ्या बाईची कादंबरी होती. आई काहीच बोलत नाही, खुर्ची परत जागेवर नेऊन ठेवते आणि तिथून पुढची अडीचशे पानं वाट बघते. टेबलाशी रिकामी खुर्ची, तिच्यासमोर जेवणाऱ्या दोघी, म्हातारी होत गेलेली आई, खुर्चीवरची धूळ रोज पुसणारी. मुलगी मोठी होते, आईवर चिडते, तिची कीव करते, शेवटी माफ करते. आणि माझ्या हातातल्या पिवळ्या पानावरची आई कुणाची वाट बघत नव्हती. तिनं तीन आठवड्यांत त्या माणसाचा निकाल लावून टाकला होता आणि त्याची जागा सात वर्षांच्या पोरीला दिली होती. ही लेखिका कुठून कुठे आली? मला एकच उत्तर दिसत होतं आणि ते मला नको होतं. पान लपवून ठेवलं तर एक चांगलं पुस्तक निघेल, लोक रडतील, मी काहीतरी तीन शब्द देईन. पान दिलं तर पुस्तक मरेल आणि माझीही बत्तीस वर्षं त्याबरोबर जातील. पण तिची आई? मी जेवायला उठलो नाही. दुपारी कधीतरी कुणीतरी चहा ठेवून गेलं, त्यावर साय धरली.

ती पाच वाजता आली. पन्नाशीची, आखूड केसांची, नखांच्या कडेला पांढरी पूड. मी ते हात पाहतोय हे तिनं बसतानाच हेरलं आणि ती म्हणाली, ‘प्लास्टर आहे. मी कवळ्या बनवते. दातांच्या. कितीही धुतलं तरी राहतंच.’ मग बाडाकडे बोट करून, ‘वाचलीत?’

‘सगळी वाचली,’ मी म्हणालो. आयुष्यात इतकं खरं वाक्य मी त्या खुर्चीत बसून क्वचितच बोललो असेन. मग विचारलं, ‘ते खुर्चीचं पान. तिथे आई काही बोलत कशी नाही?’

तिनं बाड स्वतःकडे ओढलं. ‘बोलायची. काढून टाकलं मी.’

‘का?’

‘हसाल तुम्ही. तुमच्याच प्रकाशनाचं ते गाजलेलं पुस्तक आहे ना, त्याचं जे नाव, तेच वाक्य माझ्या आईच्या तोंडी होतं. मला वाटायचं आई खरंच तसं म्हणाली होती. माझ्यासमोर. मग ते पुस्तक आलं, सगळीकडे ती अक्षरं. त्याच सुमाराला माझ्या जुन्या बाडातलं नेमकं ते एक पान हरवलं. हातानं लिहिलेलं तर टाइप झाल्यावर रद्दीत गेलेलं, घरात जागा कुठे. तुमच्याकडे पत्र टाकून विचारलं पण होतं मी. तुमच्याकडून नाही असं आलं, म्हटलं टायपिस्टकडेच राहिलं असेल. म्हणून आठवून परत लिहिलं. ते पान असतं ना, तर कळलं असतं की मी ते वाक्य आधी लिहिलं होतं की बसथांब्यावर वाचून नंतर घातलं. माझी थोरली बहीण म्हणते, आई असं कधी बोललीच नाही, आई बोलणाऱ्यांतली होती कुठे, तू वाचलंस कुठेतरी आणि आईच्या तोंडात कोंबलंस. ती काही खोलीत नव्हती तेव्हा. पण मलाही खात्री देता येईना. आईला विचारावं तर आई राहिली नाही.’ तिनं नखाची कड खरवडली. ‘मापात मी कधी चुकत नाही हो. दुसऱ्याच्या जबड्याचं माप माझ्या बोटांना कळतं. पण आईचं एक वाक्य आणि ते आपलं की वाचलेलं, हे कळत नाही म्हणजे काय? म्हणून काढूनच टाकलं. आई काहीच बोलली नाही. ते खोटं तरी नाही ठरणार.’

मला वाटलं होतं मी तिचं नाव चोरलंय. नावांचं काय, रोज चोरीला जातात. मी उठलो नाही, पंधरा पावलं चालायची नव्हतीच, पान माझ्या समोरच पालथं होतं. मी ते उलटं करून तिच्याकडे सरकवलं. ‘आई बोलली होती,’ मी म्हणालो. ‘तुम्ही आधी लिहिलं होतं. त्या पुस्तकाचं नाव मी ठेवलं, ह्या पानावरून. चुकून त्या बाडात गेलं होतं. मला पंधरा दिवसांत कळलं आणि मी गप्प बसलो. तुमच्या पत्राला खोटं उत्तर दिलं ते मीच.’

तिनं आधी कोपऱ्यातला आकडा पाहिला. मग वाचायला लागली, ओठ हलवत, शाळेतल्यासारखी. पहिल्या वाक्याशी तिचे डोळे मिटले आणि मला वाटलं आता ती रडणार, निदान मला बोलणार. ती पुढचं वाक्य वाचायला गेली आणि थांबली. परत मागे गेली. परत वाचलं. तो चेहरा मी पाहायला नको होता, पण दुसरीकडे बघायलाही मला जागा नव्हती.

‘उद्यापासून तिथे तू,’ ती म्हणाली. बाहेर कुणीतरी कपाटं बंद करत होतं. ‘हे मी विसरले. हे मी कशी विसरले?’

‘नावात ते नव्हतं,’ मी म्हणालो. ‘मी कापलं होतं. तुम्हाला रोज अर्धंच वाक्य वाचायला मिळालं.’

‘आणि मी आईला अकरा वर्षं वाट बघायला लावली,’ ती म्हणाली. आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. ‘मी तुम्हाला माफबिफ करणार नाही, एवढं सांगून ठेवते.’

‘नका करू.’

‘माझ्या पत्राचं खरं उत्तर द्या. लिहून. सहीनिशी, आजची तारीख घालून. मला थोरलीला दाखवायचंय.’

मी कोरा कागद घेतला. लिहायला लागलो आणि सवयीनं वाक्य गोळीबंद करायला गेलो, मग ते खोडलं आणि जसं झालं तसं लिहिलं, कपाटापासून, तीन पानांच्या रीतीपासून, तिकिटापर्यंत. मधेच दार उघडून मालकांची पोरगी आत आली. ‘काका, सापडलं नाव?’ मी म्हटलं, ‘थांब, सही करतो,’ आणि सही करून कागद आधी तिच्याच हातात दिला. ती उभ्याउभ्या वाचत गेली. शेवटाकडे तिनं हातानं खुर्चीची पाठ धरली.

‘हे बाहेर गेलं तर काय होईल, कळतंय ना?’ ती हळू आवाजात म्हणाली.

‘कळतंय. उद्या मी तुझ्याकडे येतो, काय करायचं ते कर.’ तिनं कागद दोन क्षण धरून ठेवला. तिच्या वडिलांनी टेबलावर मारलेली थाप तिलाही आठवत असणार, ती तेव्हा सुट्टीत इथेच पुस्तकं लावायची. मग तिनं तो लेखिकेपुढे ठेवला. माफी मागावी की काय करावं हे तिला कळेना, म्हणून तिनं फक्त विचारलं, ‘पण कादंबरी?’

‘ही नाही काढायची,’ लेखिका म्हणाली. ती नाडी बांधत होती, गाठ घट्ट बसेना म्हणून परत सोडून बांधत होती. पिवळं पान तिनं बाडात घातलं नाही, हातातच ठेवलं. ‘ही बाई माझी आई नव्हे.’ ती दारापर्यंत गेली, तिथे थांबली, आणि आमच्या दोघांकडे नाही, मधल्या रिकाम्या जागेकडे बघत म्हणाली, ‘बसले होते मी. दुसऱ्या दिवशी सकाळी. पाय खाली पोचत नव्हते. आई यंत्रावरून उठली, पायांखाली खोकं सरकवलं, आणि म्हणाली, आता ताठ बस.’